तुपाची शाई

दगडावरून छापायचं तंत्र स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांच्या वैरावर चालतं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर चिकट, तेलकट शाईने अक्षरं काढायची आणि मग दगड ओला करायचा. अक्षरांवर पाणी टिकत नाही, बाकीचा दगड मात्र पाणी पितो. आता त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरते. वर कागद ठेवून दाब दिला की झालं. बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास हे शोधून काढलं. ते मूळचे नाटकवाले, आपली नाटकं स्वस्तात छापून निघावीत म्हणून खटपट करत होते. शाईत मेण, साबण, काजळी आणि जनावरांची चरबी असायची. बव्हेरियात त्या चरबीबद्दल कुणाला काही वाटण्याचं कारण नव्हतं.

मुंबईत होतं. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी इथे शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. तोवर पंचांग म्हणजे जोशीबुवांनी हाताने नकलून काढलेली वस्तू. छापील कागदाला नुसता हात लागला तरी विटाळ होतो असं मानणारी माणसं तेव्हा बरीच होती, आणि पंचांग तर थेट देवघरात जाणार. त्यात चरबीची शंका आली असती तर धंदा पहिल्याच वर्षी बसला असता. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, अशी नोंद मराठी मुद्रणाच्या इतिहासात आहे.

इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. दगडाच्या दृष्टीने तूप काय आणि चरबी काय, दोन्ही स्निग्धच. यंत्र तेच, पद्धत तीच. घटकांच्या यादीतली फक्त एक ओळ बदलली आणि जी वस्तू गिऱ्हाईक घरात घेत नव्हतं ती देवासमोर जाऊन बसली.

गणपत कृष्णाजी जातीने भंडारी. अमेरिकन मिशनरींचा मुंबईतला छापखाना पाहून त्यांना या कामाची ओढ लागली आणि यंत्र, दगड, शाई अशी बहुतेक सामग्री त्यांनी स्वतःच्या खटपटीने उभी केली. आता प्रश्न असा, की मिशनच्या छापखान्याचं काम १८१७ पासून सुरू होतं. तिथे पैसा होता, शिकलेली माणसं होती, पाठीशी बोस्टनची संस्था होती. मग तुपाची शाई तिथे का निघाली नाही?

हा प्रश्न दोनशे वर्षं जुना असला तरी आपल्या ऑफिसातलाच आहे. २००३ मध्ये ख्रिस्तोफर अर्ली आणि सून आंग या दोन संशोधकांनी 'कल्चरल इंटेलिजन्स' या कल्पनेवर पुस्तक लिहिलं. मराठीत सांस्कृतिक बुद्धिमत्ता म्हणू. वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांत गेल्यावर आपलं डोकं, मन आणि वागणं किती जुळवून घेतं, याचं हे माप. पुढे त्याच्या चार बाजू ठरल्या: आपण काय गृहीत धरतोय ते लक्षात येणं, दुसऱ्यांच्या चालीरीतींची माहिती असणं, जाणून घ्यायची इच्छा असणं आणि त्याप्रमाणे वागता येणं. यावरच्या संशोधनातला एक धागा असा, की मिश्र टीममध्ये ही बुद्धी ज्याच्याकडे जास्त, तो आपलं ज्ञान इतरांना जास्त देतो, इतरांचं जास्त घेतो आणि त्यातून नव्या कल्पना निघतात. यात खोटं काही नाही. पण कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पोचेपर्यंत त्याचं जे होतं ते तुम्ही पाहिलं असेलच: जपानी क्लायंटला कार्ड दोन्ही हातांनी द्या, जर्मन लोक स्पष्ट बोलतात, मनावर घेऊ नका. म्हणजे ही बुद्धी मॅनेजरला शिकवायची, त्याच्या परदेशवारीआधी. छापखान्याचा इतिहास वाचताना मला मात्र ती भलत्याच माणसांकडे सापडते.

त्यासाठी थोडं मागे, गोव्यात जावं लागेल. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आलेले जेझुइट. मराठी इतकी आत्मसात केलेली, की त्यांचं 'क्रिस्तपुराण' आपण आजही मराठी साहित्य म्हणून शिकतो. हे पुस्तक या मुलखाच्या लिपीत छापावं अशी त्यांची इच्छा होती. १६०८ मध्ये वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अडचण नेमकी मांडली आहे: युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथे अक्षरं जोडली जातात, त्यामुळे सहाशेच्या आसपास साचे लागतील. ते साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीत. स्टीफन्स यांना या भाषेची, इथल्या ओवीची, पुराण ऐकणाऱ्या श्रोत्याची जेवढी जाण होती तेवढी आजच्या कुठल्या कंट्री हेडला असेल? पण अक्षर कोरणारा हात त्यांच्या बाजूला बसलेला नव्हता.

उलट्या बाजूची गोष्ट लंडनची. १७७० च्या दशकात विलेम बोल्ट्स यांनी बंगाली खिळे करून घ्यायचा घाट घातला. काम दिलं जोसेफ जॅक्सन यांना, जे त्या काळचे नावाजलेले अक्षर-कारागीर. हात उत्तम, पण बंगाली वाचणारं, लिहिणारं कुणी शेजारी नाही. ते खिळे काही वापरात आले नाहीत.

मग १७७८ मध्ये हुगळीला हॅलहेड यांचं बंगाली व्याकरण छापलं गेलं आणि त्यात बंगाली अक्षरं खिळ्यांची होती. कंपनीचे नोकर चार्ल्स विल्किन्स यांनी ती तयार केली. प्रस्तावनेत हॅलहेड यांनी विल्किन्स यांचं तोंड भरून कौतुक केलंय: धातू जाणणारे तेच, कोरणारे तेच, ओतणारे तेच आणि छापणारेही तेच. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पंचानन कर्मकार यांचं नाव त्या प्रस्तावनेत नाही. पंचानन लोहार घराण्यातले. धातूवर कोरणं ही त्यांची घरची विद्या. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ती कांडी तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्यात शिशाचा रस ओतायचा. विल्किन्सकडून ते ही पाश्चात्त्य पद्धत शिकले, पण अक्षराची गोलाई कुठे वळते, कुठे जाड होते हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. प्रॉडक्टच्या लाँचमध्ये फक्त डायरेक्टरचं नाव येणं ही प्रथा किती जुनी आहे बघा.

१८०० मध्ये सेरामपूरला बॅप्टिस्ट मिशन सुरू झालं. हे गाव डेन्मार्कच्या ताब्यातलं. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या हद्दीत मिशनरी येऊ देत नव्हती म्हणून ही इंग्रज मंडळी डॅनिश झेंड्याखाली राहिली. विल्यम कॅरी मूळचे चांभारकाम करणारे, विल्यम वॉर्ड छपाईवाले, जोशुआ मार्शमन शाळामास्तर. पंचानन तिथे आले आणि त्यांनी बंगालीनंतर नागरी खिळ्यांचं काम हाती घेतलं. ते १८०४ च्या सुमारास गेले. पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम कित्येक दशकं चालवलं.

आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे कॅरी यांचं मराठी व्याकरण, १८०५. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. तिथे मराठीचे पंडित होते वैजनाथ शर्मा. तेव्हा त्या एका पुस्तकामागे उभी असलेली माणसं बघा: इंग्रज लेखक, मराठी पंडित, बंगाली लोहाराचं घराणं आणि जागा डॅनिश राजाची. व्याकरण देवनागरीत निघालं. १८१० चा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत निघाला, कारण मराठी माणूस रोजचा व्यवहार मोडीत करतो हे पंडितांच्या संगतीने कळलेलं होतं. 'भारतीय मार्केट' नावाची एकच वस्तू असते असं समजणाऱ्यांनी या पाच वर्षांतल्या बदलाकडे जरा पाहावं.

या छापखान्यात चिनी खिळ्यांवरही काम झालं. मार्शमन यांना चिनी शिकवणारे जोहान्स लासार हे मकावमध्ये वाढलेले आर्मेनियन! ११ मार्च १८१२ च्या रात्री सगळ्याला आग लागली. कॅरी यांची हस्तलिखितं जळाली, टनावारी खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. राख उपसल्यावर सापडलं काय, तर पोलादी कांड्या आणि साचे. वितळलेला धातू पुन्हा वापरून काही आठवड्यांत छपाई सुरू झाली. त्या संस्थेच्या ज्ञानातला जो भाग आगीतून वाचला, तो लोहारांनी घडवलेला होता.

मनोहर यांच्याबद्दल एक दृश्य नोंदलेलं आहे. १८३९ मध्ये केनेडी नावाचे एक पाद्री तिथे गेले तेव्हा मनोहर बायबलसाठी खिळे करत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला त्यांच्या देवाची मूर्ती होती. पाद्रीबुवांना ते खटकलं असावं असं मला वाटतं. पण इतकी वर्षं मूर्तीपूजेविरुद्ध पुस्तकं छापणाऱ्या मिशनने ती मूर्ती उतरवायला लावली नव्हती. उदारमतामुळे, की मनोहर सोडून गेले तर कामच थांबेल म्हणून? मला दुसरं कारण जास्त पटतं, आणि त्याने काही बिघडत नाही. मिश्र जागी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात ती पुष्कळदा गरजेपोटी. ट्रेनिंगमध्ये एवढं सांगितलं तरी पुरे.

आता मुंबईला परत येऊ. मिशनच्या छापखान्यातल्या लोकांना हिंदूंच्या सोवळ्याओवळ्याची माहिती नव्हती असं अजिबात नाही. ते मराठी शिकलेले होते, शास्त्र्यांशी वाद घालत होते, सणवार, मुहूर्त यांवर टीका करणारी पुस्तकं काढत होते. चारपैकी माहितीची बाजू घेतली तर त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. पण शाईत तूप घालणं म्हणजे चरबीने खरोखरच विटाळ होतो हे कबूल करणं, आणि ते तर तेच मोडायला आले होते. ज्ञान होतं, पण त्या ज्ञानाने हात हलावा अशी गरज नव्हती. माझं उत्तर एवढंच आहे.

गणपत कृष्णाजींना गरज होती, आणि आणखी एक गोष्ट होती. भंडारी माणसाला ब्राह्मणाघरी काय चालतं, काय चालत नाही, हे कुणी वर्गात बसवून शिकवत नाही. ते त्याला माहीत असावंच लागतं. वरच्याला खालच्याच्या चालीरीती ठाऊक नसल्या तरी त्याचं काही अडत नाही. खालच्याचं पावलोपावली अडतं. त्यामुळे ही सांस्कृतिक बुद्धिमत्ता, चाचणी घेतली तर, उतरंडीच्या तळाशीच जास्त भरेल असं मला वाटतं. फक्त तळाच्या माणसाच्या हाती शाईची कृती बदलायचा अधिकार क्वचित असतो. गणपत कृष्णाजींनी तो स्वतःचं यंत्र उभारून मिळवला.

ही माहिती वापरली नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण सव्वीस वर्षांनी साऱ्या देशाने पाहिलं. १८५७ च्या सुरुवातीला एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गायीडुकराची चरबी लावली आहे, ही बोलवा पलटणींत पसरली. मग सरकारने सांगितलं की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. मे महिन्यात मेरठ पेटलं. उठावाची कारणं काडतुसापेक्षा कितीतरी खोल होती, हे शाळेत आपण घोकलेलंच आहे. तरीही चरबीऐवजी दुसरं काही चालेल का, हा प्रश्न मुंबईतल्या एका भंडारी छापखानेवाल्याने गिऱ्हाईक तक्रार करायच्या आधी सोडवला होता आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपनीला तो संशय पसरल्यावर सुचला.

तुपाच्या शाईचं कौतुक करताना एक गोष्ट मला टोचते. तिने विटाळाची कल्पना जराही हलवली नाही. उलट तिला मान देऊन, तिच्या अटींवर छपाई घरात नेली. त्याच मुंबईत, त्याच शतकात, त्या कल्पनेमुळे माणसांना पाणी नाकारलं जात होतं. गिऱ्हाइकाची संस्कृती ओळखून वस्तू बदलणं हे नेहमी पुण्याचंच काम असतं असं नाही. हेही खरं, की एकदा पंचांग आणि पोथ्या छापील झाल्यावर छापील कागद साधा झाला, आणि पुढे त्याच कागदावर महात्मा फुले यांची पुस्तकंही निघाली. दोन्ही गोष्टी मी शेजारी ठेवतो. त्यांची बेरीज मला जमलेली नाही.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी जुन्या अवजड खिळ्यांऐवजी लहान, सुबक नागरी खिळे तयार केले. त्यांच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा एक मुलगा खिळे घासायला होता. जन्म १८३९, मराठा घरातला, शाळा जेमतेम. पुढे एक-दोन छापखान्यांत काम करून त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची खिळे ओतायची शाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. सोबत राणोजी रावजी आरू, अक्षर कोरण्यात निष्णात. या दोघांनी नागरी अक्षराला जे वळण दिलं ते इतकं रुजलं, की 'निर्णयसागर' हे अक्षराच्या जातीचंच नाव झालं.

मला त्यांच्यात जास्त रस आहे तो संस्कृत पुस्तकांमुळे. 'कार्त्स्न्य' हा शब्द घ्या (तुमच्या फोनवर नीट दिसतोय ना?). एका अक्षरात पाच व्यंजनं. अशी जोडाक्षरं, वर मूळ श्लोक, खाली बारीक टाइपात टीका, त्याखाली आणखी बारीक पाठभेद, आणि सगळं एका पानावर. जावजी स्वतः संस्कृतचे पंडित नव्हते. पण पंडिताला पान कसं लागतं हे त्यांनी पंडितांनाच विचारलं. काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे संपादक छापखान्याशी जोडले, जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांबरोबर १८८६ पासून 'काव्यमाला' काढली. गणपत कृष्णाजींनी शास्त्र्यांच्या अटी बाहेरून ओळखल्या होत्या. जावजींनी शास्त्र्यांना छापखान्यात खुर्ची दिली. जेमतेम शाळा शिकलेला मालक, पगारी विद्वान आणि खिळे कोरणारा मित्र अशा त्या जागी छापलेली पुस्तकं युरोपातल्या संस्कृतच्या प्राध्यापकांच्या टेबलांवर गेली. जावजी १८९२ मध्ये गेले. अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी.

आता हे सगळं तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे, फक्त शिसं नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द वेगळे. पहिल्यांना नमस्कार करायचा, दुसऱ्यांना जेवण किती माणसांचं ते सांगायचं. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र हिंदीत लागत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणारा इंजिनिअर तो सहज विसरतो, आणि विसरलेला आहे. युनिकोडमध्ये त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला. 'ॲ' हे मराठी अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. तोवर 'अ' वर चंद्र चिकटवून वेळ मारून नेली जात होती. २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं 'ज्ञा' मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची ॲप बंद पडत होती. कोट्यवधी लोकांचं रोजचं जोडाक्षर, आणि रिलीजच्या आधी ते कुणाच्याच टेस्टमध्ये नाही. त्या कंपनीत तेलुगू माणसं नव्हती असं कोण म्हणेल?

माझ्या एका जुन्या टीममध्ये फॉर्मवर आडनाव सक्तीचं होतं. आमच्या टेस्टिंगमधल्या तमिळ मुलीने पहिल्याच आठवड्यात नोंद केली, की तिच्या घरात आडनाव कुणालाच नाही, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, तर या फॉर्मवर तिची आई काय भरणार? उत्तर आलं, 'ठरल्याप्रमाणेच चालतंय', आणि तिकीट बंद. त्याच तिमाहीत आमच्या टीमला डायव्हर्सिटीसाठी शाबासकीचा मेल आला होता. ती मुलगी नंतर दुसरीकडे गेली. फॉर्म भरणारे लोक आडनावाच्या रकान्यात टिंब टाकून पुढे जायचे, आणि डेटाबेसमध्ये तशी हजारो टिंबं साठली होती.